रंगीत काचेचा फोटो आणि भरलेलं आभाळ

बेळगावच्या कॅम्पात ब्रिटिश छावणीच्या काळातली चर्चं आहेत. गॉथिक बांधणीचं सेंट मेरीज त्यांपैकीच एक. अशा जुन्या चर्चमधल्या रंगीत काचांचे फोटो काढायला लोक हटकून लख्ख उन्हाचा दिवस निवडतात. डोळ्यांना ते सुखावतं, पण कॅमेऱ्याला आषाढातलं भरलेलं आभाळच मानवतं.

भिंतीवरच्या चित्रावर उजेड पडतो आणि परत फिरून आपल्यापर्यंत येतो. काचचित्रातून तो मागून आरपार येतो. म्हणजे फोटोत उतरतं ते काचेतून गाळलेलं आभाळ. मागे थोडं आकाश, थोडी झाडाची फांदी, थोडी उन्हातली भिंत असेल, तर चित्रातल्या संताच्या एकाच निळ्या झग्याच्या तीन छटा दिसतात. ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो. बेळगाव-खानापूरकडे पावसाची झड लागली की हा पांढरा पडदा दिवसभर टांगलेला, तोही फुकटात! वेदी रिवाजाप्रमाणे पूर्वेला असेल, तर तिच्यामागच्या खिडकीवर सकाळचं ऊन थेट येतं; ती वेळ टाळलेलीच बरी.

काचेला निळा रंग येतो कोबाल्टमुळे, आणि तोही चिमूटभर पुरतो. लाल रंगामागे बहुधा तांब्याचे, कधी सोन्याचे कण असतात, काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर आकाराचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तांब्याचा लाल इतका गडद, की अख्खी काच त्याचीच केली तर ती काळीच दिसेल. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. तुटलेला तुकडा आडवा धरून कडेकडून पाहा: बहुतेक जाडी जवळजवळ पांढरी, आणि एका बाजूला लाल रेघ. पिवळ्यासाठी चांदीचं संयुग काचेवर लावून भट्टीत भाजतात.

आता कॅमेरा. अंधारा गाभारा आणि उजळ खिडकी यांच्यात हजारपट फरक सहज पडतो. दोन्ही एका फोटोत मागू नका. फोनवर काचेच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड आणखी थोडा उतरवा. भिंत काळी पडली तर पडू दे. निळ्या काचेवर जास्त लक्ष ठेवायला हवं. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर साधारण निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. गडद निळ्या काचेपुढे कामाला येतात ते मुख्यतः हे पाव ठिपके. तेच उजेडाने भरून गेले, की एकूण फोटो ठीक दिसूनही झग्याच्या चुण्या पुसल्या जातात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नये. समोर निळंच निळं दिसलं की कॅमेरा त्यात पिवळा मिसळतो. ‘क्लाउडी’ निवडावं. फ्लॅश बंदच, त्याने उजळतात ती काचा जोडणाऱ्या शिसे धातूच्या पट्ट्यांवरची धूळ आणि जळमटं. उपासना चालू नसताना, चर्चच्या धर्मगुरूंना विचारून जावं. बाहेरच्या बाजूने फोटो हवा असेल तर दिवेलागणीला आत दिवे लागले की घ्यावा. तेव्हा उजेडाची दिशा उलटलेली असते.