शून्य अंशाजवळचा रस्ता

पारा उणे २० अंशांपर्यंत उतरला की बर्फाळ रस्ता सर्वांत निसरडा होत असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात चालकाला अधिक दगा देते ते शून्याच्या आसपासचे हवामान. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट जखडलेले नसतात, त्यामुळे गोठणबिंदूच्या किंचित खालीही तेथे द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो आणि घसरत्या चाकाच्या घर्षणातून निर्माण होणारी उष्णता त्यात भर घालते. गाडीच्या वजनाने बर्फ वितळतो, हे नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण मात्र तोकडे आहे. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो, आणि मोटारीच्या टायरमधली हवा असते जेमतेम दोन-अडीच पट दाबाची.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरांत थांबते. ओलसर बर्फावर तोच ०.१ धरला, तर जवळजवळ १०० मीटर लागतात. वेग निम्म्यावर आणल्यास हे अंतर चौथाईवर, म्हणजे २५ मीटरांवर येते. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी जागची हलताना उपयोगी पडते, थांबताना नाही; ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतातच.

सर्वांत फसवा असतो तो पारदर्शक बर्फाचा पापुद्रा. त्यातून खालचे काळे डांबर स्वच्छ दिसते आणि रस्ता नुसता भिजलेला वाटतो. रस्ता ओला चमकत असूनही पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडेनासे झाले, तर ते पाणी गोठले आहे असे समजावे. पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि वारा दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून हा पापुद्रा तेथे आधी धरतो. गाडीतला तापमापक हवेचे तापमान सांगतो, रस्त्याचे नव्हे. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करत राहतो आणि तापमापकावर ३ अंश दिसत असतानाही त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो.

अशा पापुद्र्यावर गाडी आलीच, तर जोरात ब्रेक मारण्याचा मोह आवरावा. टायरची पकड तेथे मुळातच तुटपुंजी असते. ती सगळी ब्रेकने खाल्ली, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही, आणि फिरणे थांबलेले चाक स्टिअरिंग कितीही वळवले तरी सरळच घसरत जाते.