लिनक्सवरची जावा: परवान्यापायी रखडलेली वाट
डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांवर आज जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा टाकायची तर टर्मिनलमध्ये एपीटी या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाची एक कमांड पुरते आणि ओपनजेडीके ही जावाची मुक्त (कोड बदलायची-वाटायची मुभा असलेली) आवृत्ती बसते. ही सोय व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. त्यात तांत्रिक अडचणी कमी होत्या, खरे घोडे परवान्यापाशी अडले होते.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1995 मध्ये जावा जाहीर केली. ती फुकट मिळायची, पण कोड बदलून इतरांना वाटायची मुभा नव्हती. लिनक्ससाठी ती सुरुवातीला ब्लॅकडाऊन या गटातल्या स्वयंसेवकांनी तयार केली, तरी परवाना सनचाच राहिला. साहजिकच डेबियनच्या मुख्य भांडारात तिला जागा मिळेना. सगळ्यात मोठी झळ बसली ती जावात लिहिलेल्या मुक्त प्रोग्रॅमना. त्यांचा स्वतःचा परवाना कितीही मोकळा असो, चालायला सनची जावा लागते म्हणून त्यांची रवानगी 'कॉन्ट्रिब' या मुख्य भांडाराबाहेरच्या विभागात व्हायची. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी 2004 मध्ये याला 'जावाचा सापळा' म्हटले, आणि ते योग्यच होते.

काफे, जीसीजे आणि जीएनयू क्लासपाथ हे सनच्या जावाचे मुक्त पर्याय तेव्हा आकार घेत होते. सनच्या कोडला हात न लावता जावाची अवाढव्य लायब्ररी (तयार कोडचा संच) नव्याने लिहायची, हे काम या मंडळींनी वर्षानुवर्षे नेटाने केले. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कारण पुढे त्यांचेच काम उपयोगी पडले. नोव्हेंबर 2006 मध्ये सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करण्याची घोषणा केली आणि मे 2007 मध्ये लायब्ररीचा बहुतेक कोड बाहेर आला. फॉन्ट, रंग, ध्वनी यांच्याशी संबंधित काही भागांचे हक्क मात्र इतरांकडे असल्याने ते बंदच राहिले. रेड हॅट या लिनक्स कंपनीने जून 2007 मध्ये आइस्डटी प्रकल्प सुरू केला आणि क्लासपाथमधला कोड घेऊन ही भगदाडे बुजवायला सुरुवात केली. वर्षभरातच फेडोरा 9 या लिनक्स वितरणावरची ही जावा अधिकृत सुसंगतता चाचणी पार झाली.

सन ही कंपनी 2010 मध्ये ओरॅकल कंपनीकडे गेली. लिनक्स वितरणांना सनची जावा सोबत देऊ देणारा खास परवाना ओरॅकलने 2011 मध्ये बंद केला. तरीही बरेच जण त्रयस्थ पीपीएमधून (उबुंटूसाठी इतरांनी चालवलेल्या भांडारांतून) ओरॅकलचीच जावा टाकत राहिले. एप्रिल 2019 मध्ये ओरॅकलने परवाना बदलला आणि तोही मार्ग बंद झाला. तोवर ओपनजेडीके ही जावा 7 पासूनची प्रमाण आवृत्ती झालेली होती.