शेल ऑइल आणि ऑइल शेल: नावं उलटसुलट, मामला वेगळा

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातून 2005 साली दिवसाला जेमतेम 1 लाख बॅरल तेल निघायचं. एप्रिल 2014 मध्ये हा आकडा 10 लाखांवर गेला आणि 2019 संपता संपता 15 लाखांच्या घरात. ही सगळी करामत बाकेन नावाच्या खडकाच्या थराची. त्यात शेल, म्हणजे चिखलाचा गाळ दाबून बनलेला पापुद्र्यांचा दगड, असतो. या तेलाला शेल ऑइल म्हणतात.

तिकडे कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंगमध्ये ग्रीन रिव्हर नावाचा थर आहे. त्यातल्या दगडाला म्हणतात ऑइल शेल. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजाने त्यात 4 लाख कोटी बॅरलहून जास्त तेलाचा ऐवज आहे. प्रत्यक्षात हाती लागलंय नगण्य. बातम्यांमध्ये हे दोन्ही सर्रास एकाच दावणीला बांधले जातात आणि 'अमेरिकेकडे शेकडो वर्षांचं तेल' असे मथळे येतात.

फरक उष्णतेचा आहे. बाकेनचा काळा शेल साधारण 36 कोटी वर्षांपूर्वीचा. तो खोल गाडला गेला, तापला आणि त्यातल्या सेंद्रिय गाळाचं, म्हणजे केरोजेनचं, तेल झालं. ग्रीन रिव्हरचा थर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तळ्यांच्या तळाशी साचला, पण पुरेसा खोल गेलाच नाही. तिथलं केरोजेन कच्चंच राहिलं. म्हणजे एकीकडे निसर्गाने रांधून ठेवलंय, दुसरीकडे चूल आपणच पेटवायची.

बाकेनमध्ये तेल आहे हे 1950 च्या दशकातच कळलं होतं. अडचण अशी की खडक इतका घट्ट की तेल वाहतच नाही. शिवाय गंमत म्हणजे बहुतेक तेल निघतं ते शेलमधून नव्हे, वरच्या आणि खालच्या शेलच्या मध्ये दबलेल्या वाळू आणि डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाच्या थरातून. विहीर सुमारे 3 किलोमीटर खाली नेतात, तिथे आडवी वळवतात आणि त्या थरातूनच आणखी तेवढीच पुढे सरकवतात. मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं सोडून खडकाला भेगा पाडतात. दाब ओसरला की भेगा मिटायला बघतात, पण अडकलेले वाळूचे कण त्यांना मिटू देत नाहीत. तेल येतं ते त्या फटींतून. मात्र पहिल्याच वर्षात विहिरीचं उत्पादन निम्म्याहून खाली येतं, म्हणून सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. उत्पादनाचा आलेख चढता दिसतो त्यामागे ही न थांबणारी धावपळ आहे.

2014 च्या उत्तरार्धात कच्चं तेल बॅरलला 100 डॉलरवरून 50 च्या आसपास घसरलं, त्यात या अमेरिकी तेलाचा मोठा हात होता. आपल्याकडे डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले ते त्याच घसरणीत, ऑक्टोबर 2014 मध्ये.

ऑइल शेलची गोष्ट फारशी लांबत नाही. दगड खणा, फोडा, भट्टीत 500 अंशांच्या आसपास तापवा, मग कुठे तेल. 2 मे 1982 रोजी एक्सॉन या तेल कंपनीने कोलोरॅडोतला कॉलनी प्रकल्प बंद केला आणि दोन हजारांहून जास्त लोकांची नोकरी एका फटक्यात गेली. तो दिवस तिथे 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो.

एस्टोनियाने मात्र हाच दगड थेट वीज केंद्रांत जाळून अनेक दशकं वीज केली. तिथे तो तापवून तेलही काढतात आणि घोटाळा असा की त्यालाही शेल ऑइलच म्हणतात! म्हणूनच जाणकार बाकेनच्या तेलाला 'टाइट ऑइल', म्हणजे घट्ट खडकातलं तेल, म्हणणं पसंत करतात.