पट्टे आहेत, नांगी नाही

पिवळेकाळे पट्टे दिसले की ती गांधीलमाशी आणि ती डसणारच, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो खरा नाही. कोथिंबिरीच्या फुलांवर हवेत एका जागी थबकलेली ती बारीक माशी जवळून बघा. पंख दोनच, डोळे मोठाले, मिश्या अगदी आखूड. ही सिरफिड माशी. तिला नांगीच नसते. पट्टे आहेत ते पक्ष्यांना चकवायला. ती मध आणि पराग खाते, परागीभवनही करते.

खरी कमाल तिच्या अळीची. ज्वारीच्या पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत), मोहरीच्या शेंड्यावर मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, पडला की माशी तिथेच अंडी घालते. बिनपायांची, आंधळी अळी डोकं इकडेतिकडे फिरवत मावा चाचपते, उचलून धरते, रस शोषून कातडं टाकून देते. मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त! तिलाच कीड समजून औषध मारू नका, कळकळीची विनंती.