माइनक्राफ्टमधला दगड कशाचा बनलाय?

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममध्ये लाकडी फळ्यांचा ब्लॉक दगडापेक्षा कठीण असतो. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्याही हे लक्षात येत नाही, कारण दगड फोडताना हातात पिकॅक्स (खोदायची कुदळ) असते आणि फळ्या काढताना कुऱ्हाड. पण खेळाच्या आतल्या तक्त्यात दगडापुढे काठिण्य १.५ लिहिलंय आणि फळ्यांपुढे २. हिऱ्याच्या ब्लॉकचं काठिण्य ५, लोखंडाच्या ब्लॉकचंही ५. स्फोटाला तोंड द्यायची ताकद वेगळी मोजतात. तिथे हिरा ६, लोखंड ६ आणि साधा दगडही ६च!

खऱ्या जगात असा तक्ता कुणी लिहून ठेवलेला नाही. सोनं जड आहे, मऊ आहे, गंजत नाही, वीज वाहून नेतं आणि पिवळं दिसतं, या सगळ्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे: सोन्याच्या अणूत आणि ते अणू एकमेकांना कसे धरून बसलेत त्यात. सोन्याचा मऊपणा तेवढा काढून घ्या आणि बाकीचं तसंच ठेवा, असं निसर्गाला सांगता येत नाही. खेळ लिहिणाऱ्याला मात्र येतं. त्याच्याकडे प्रत्येक गुणासाठी वेगळा रकाना असतो आणि एका रकान्यातल्या आकड्याचा दुसऱ्याशी काही संबंध असावाच लागत नाही. माइनक्राफ्टच्या ब्लॉक्समध्ये विज्ञान शोधायचं तर ही गोष्ट धरून चालावं लागतं.

मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९च्या मे महिन्यात हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर आणला. २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. पहिल्यापासून एक माप ठरलेलं आहे: एक ब्लॉक म्हणजे एक घनमीटर. हे माप हाताशी असलं की बरीच गंमत करता येते.

सोन्यापासून सुरुवात करू. एक घनमीटर सोन्याचं वजन १९,३०० किलो, म्हणजे १९ टनांच्या वर. खेळात सोन्याच्या नऊ विटांचा एक ब्लॉक होतो, तेव्हा एक वीट झाली दोन टनांहून जड. बँकांच्या तिजोऱ्यांत असते ती सोन्याची मोठी वीट साडेबारा किलोच्या आसपास भरते. खेळाडूच्या सामानात ३६ कप्पे, प्रत्येकात ६४ ब्लॉक. सगळे सोन्याने भरले तर साधारण ४४ हजार टन होतात, आणि एवढं अंगावर घेऊन हा गडी उड्या मारत डोंगर चढतो. माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या थोडं वर भरतं. पाच जण ते सहज उचलून नेतील. वजन नावाचा रकानाच तक्त्यात नाही, त्यामुळे पिसांचा आणि सोन्याचा भार इथे एकच.

सोन्याच्या हत्यारांबाबत मात्र खेळ अर्धा खरा बोलतो. सोन्याची पिकॅक्स ३२ घावांत संपते, लोखंडाची २५० घाव टिकते. शुद्ध सोनं खरोखरच इतकं मऊ असतं की त्याचं हत्यार करणं शहाणपणाचं नाही. पण हीच पिकॅक्स हिऱ्याच्या पिकॅक्सपेक्षा भराभर खोदते, त्याला भौतिकशास्त्रात काहीही आधार नाही. सोन्याचा काहीतरी उपयोग असावा म्हणून केलेली ती सोय आहे, आणि खेळ म्हणून पाहिलं तर चांगली सोय आहे.

आता काठिण्य आणि स्फोटाची ताकद हे दोन वेगळे आकडे का, ते पाहू. माझ्या मते या तक्त्यातली सगळ्यात शास्त्रीय गोष्ट हीच आहे, मग भरलेले आकडे कसेही असोत. बोलताना आपण ‘कठीण’ आणि ‘मजबूत’ सर्रास एकाच अर्थाने वापरतो. खनिजांचं काठिण्य म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली त्यासाठी १ ते १०ची श्रेणी बसवली, आणि तिच्यात हिरा दहावर बसतो. पण घाव सोसण्याची ताकद ही निराळी बाब, तिला चिवटपणा म्हणू. हिऱ्याच्या स्फटिकात ठरावीक दिशांची अशी प्रतलं असतात की त्या दिशेने घाव बसला तर तो सरळ चिरतो. लोखंडाला हिरा ओरखडे काढू शकतो, पण ऐरणीवर ठेवून हातोडा हाणला तर लोखंड चेपेल आणि हिऱ्याचे तुकडे होतील. तेव्हा हिऱ्याला काठिण्यात लोखंडाच्या कितीतरी पुढे आणि स्फोटाच्या रकान्यात मागे ठेवलं असतं, तर तक्ता निसर्गाच्या जवळ गेला असता.

सगळ्यात मोठा अन्याय झालाय तो ऑब्सिडियनवर. अन्याय कसला, उलट त्याचे जरुरीपेक्षा जास्तच लाड झालेत! खेळात त्याचं काठिण्य ५० आणि स्फोटाची ताकद १,२००. हिऱ्याच्या पिकॅक्सने तो फोडायला साडेनऊ सेकंद लागतात, आणि नुसत्या हाताने चार मिनिटांहून जास्त झगडून शेवटी हातात काहीच येत नाही. खरा ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीने बनवलेली काच. मोस श्रेणीवर तो पाच-साडेपाचच्या आसपास, म्हणजे खिडकीच्या काचेच्याच पंगतीत. दगडावर पडला तर फुटतो आणि फुटताना शिंपल्यासारखे वळणदार कपचे निघतात. त्या कपच्यांची धार इतकी बारीक असते की अश्मयुगातल्या माणसाने त्यापासून सुऱ्या आणि बाणांची टोकं केली. म्हणजे माणसाला तो उपयोगी पडला तो सहज फुटतो म्हणून. खेळातल्या साध्या काचेचं काठिण्य ०.३ आहे. एकाच घराण्यातल्या दोघांमध्ये दीडशे पटींहून जास्त फरक.

तो तयार कसा होतो, तेही जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लाव्हाच्या उगमाच्या ब्लॉकवर पाणी आलं की ऑब्सिडियन, वाहत्या लाव्हाला पाणी लागलं की खडबडीत दगड, असा खेळाचा नियम. पाण्याने लाव्हा झटकन निवतो आणि झटकन निवल्यामुळे काच होते, इथपर्यंत बरोबर आहे. वितळलेल्या खडकातल्या अणूंना स्फटिकाच्या ओळीत बसायला वेळ मिळाला नाही, तर ते जिथल्या तिथे गोठतात. गोठलेला तो गोंधळ म्हणजेच काच. पण ऑब्सिडियनचा जाड थर व्हायला नुसती घाई पुरत नाही, लाव्हात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरपूर लागतं, साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त. सिलिकाच्या साखळ्या एकमेकींत अडकतात, लाव्हा कमालीचा घट्ट होतो आणि अणूंना हलणंच मुश्कील होतं.

खेळातला लाव्हा तसा आहे का? सपाटीवर तो दीड सेकंदात एक ब्लॉक पुढे सरकतो, म्हणजे ताशी सुमारे २.४ किलोमीटर. ही चाल पातळ, कमी सिलिकाच्या बेसाल्टी लाव्हाला शोभणारी आहे. सिलिकाने घट्ट झालेला लाव्हा सपाटीवर असा धावत नाही. आणि बेसाल्टी लाव्हा समुद्रात शिरला की त्याचे उशीसारखे गोळे होतात: बाहेर काचेची पातळ साल, आत बारीक स्फटिकांचा काळा खडक. लाव्हाचे दोन प्रकार ठेवले असते तर हा हिशोब जुळला असता.

वाळूला गुरुत्वाकर्षण आहे, हे या दुनियेतलं नवल. झाडाचं खोड कापलं तरी वरचा भाग हवेत लटकत राहतो, डोंगराच्या पोटातून खडक काढला तरी माथा ढळत नाही, पण वाळू आणि खडी आधार काढला की कोसळतात. मात्र कोसळून त्यांचा सरळसोट खांब होतो. खऱ्या कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३४ अंशांच्या उतारावर थांबतो, त्याहून उभा केला तर कणांमधलं घर्षण अपुरं पडतं आणि कडा घसरते. खेळात कणच नाहीत, तर घसरणार काय?

वाळू भट्टीत टाकली की काच होते. इथे मी सहज एक ढोबळ हिशोब मांडून पाहिला. एक घनमीटर वाळू म्हणजे सुमारे १,६०० किलो. शुद्ध वाळू १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि तिथपर्यंत नेऊन वितळवायला किलोमागे साधारण दोन मेगाज्यूल लागतात. एका ब्लॉकला झाले ३,२०० मेगाज्यूल. आता भट्टीत जाळायचा कोळसा. त्याच्याही नऊ तुकड्यांचा एक ब्लॉक, म्हणजे एका तुकड्याचं वजन दीडशे किलोच्या घरात, आणि तो जळून मिळतात चार हजार मेगाज्यूल. एकही ज्यूल वाया गेला नाही असं मानलं, तर एका तुकड्यावर जेमतेम एक ब्लॉक वाळू वितळेल. खेळात आठ वितळतात. हजार पटींची तफावत निघेल असं वाटलं होतं, निघाली सहा-सात पटींची! योगायोग असेल, पण या खेळाच्या मानाने हे अगदी काटेकोर म्हणायला हवं. कारखान्यात वाळूत सोडा घालतात तो हे तापमान खाली आणण्यासाठीच.

काँक्रीटची कृती मात्र निव्वळ हूल आहे. चार वाळू, चार खडी, एक रंग; सिमेंटचा पत्ता नाही. पाणी लागताच पावडर क्षणात घट्ट होते, पण पावसाने होत नाही. एक गोष्ट तरी बरोबर पकडली आहे: काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन होतं, म्हणून ते पाण्याखालीही जमतं. फक्त खरं काँक्रीट त्यासाठी वेळ घेतं आणि त्याची ताकद रिवाजाने २८ दिवसांनी तपासतात. खेळातल्या घट्ट झालेल्या काँक्रीटची स्फोटाची ताकद १.८ आहे, लाकडी फळ्यांची ३. बंकर बांधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

स्फोटाचा विषय निघालाच आहे, तर टीएनटी हे स्फोटक. खेळातली त्याची कृती: पाच गनपावडर आणि चार वाळू. खरा टीएनटी हे कार्बनी संयुग, १८६३मध्ये युलिउस विल्ब्रांट यांनी बनवलेलं आणि सुरुवातीला पिवळा रंग म्हणून वापरलेलं. खेळातली कृती जरा डायनामाइटच्या वळणाची आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन एका सिलिकायुक्त मातीत जिरवलेलं होतं. खेळात स्फोट झाला की त्या बिंदूतून १,३५२ किरण चहूकडे सुटतात, वाटेत लागणारा प्रत्येक ब्लॉक आपापल्या आकड्याप्रमाणे किरणाचा जोर खातो आणि जोर संपला की किरण थांबतो. पाण्याचा आकडा १०० असल्यामुळे पाण्यातला टीएनटी एकही ब्लॉक फोडत नाही. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही म्हणून धक्का दूरवर पोहोचवतं, आणि पाणबुड्यांविरुद्धचे बॉम्ब याच गुणावर चालतात.

आतापर्यंतची उदाहरणं हाताने भरलेल्या आकड्यांची होती. २०२१मध्ये आलेल्या अमेथिस्टच्या (जांभळ्या क्वार्ट्झ खनिजाच्या) पोकळ गोळ्यांपासून सूर थोडा बदलतो. बाहेर बेसाल्ट, मध्ये कॅल्साइट, आत जांभळे स्फटिक. बेसाल्टी लाव्हात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्यांमध्ये नंतर खनिजयुक्त पाणी झिरपतं आणि अस्तरासारखे थर चढत जातात. अशा पोकळ्यांत कॅल्साइटही सापडतं आणि अमेथिस्टही. जांभळा रंग येतो तो क्वार्ट्झमधल्या किंचित लोहाला लाखो वर्षं नैसर्गिक किरणोत्सार लागल्यामुळे. हे काम करणाऱ्याने खनिजांचं पुस्तक नक्की चाळलं असणार.

त्याच वेळी तांबंही आलं, आणि ते मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला वय आहे. लोखंडाचा ब्लॉक समुद्राच्या तळाशी कितीही काळ ठेवा, गंजत नाही. तांबं मात्र चार टप्प्यांत झळाळत्या नारिंगीवरून हिरव्यावर जातं. खऱ्या तांब्यावर आधी ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर येतो, मग हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे आणि ओलाव्यामुळे ब्रोकँटाइटसारखी हिरवी खनिजं तयार होतात. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूस होता, १९२०च्या आसपास पूर्ण हिरवा झाला. त्याचा पत्रा २.४ मिलिमीटर जाडीचा, तरी टिकून आहे, कारण तो हिरवा थरच आतल्या धातूचं रक्षण करतो.

खेळात हे घडतं नशिबाच्या फाशावर. खेळाच्या घड्याळाचे सेकंदाला वीस ठोके पडतात, आणि दर ठोक्याला १६ × १६ × १६च्या प्रत्येक खणातले तीन ब्लॉक चिठ्ठी टाकून निवडले जातात. म्हणजे एका ब्लॉकची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. पाळी आली तरी तांब्याला पुढे जायची संधी १,१२५पैकी ६४ वेळाच. गुणाकार केला की बरोबर २० मिनिटं येतात, म्हणजे खेळातला एक दिवस. आधी किती वाट पाहिली याची ब्लॉकला आठवण नसते, प्रत्येक पाळीला संधी तेवढीच. किरणोत्सारी अणूंचं विघटन याच गणिताने चालतं. एकटा अणू कधी फुटेल ते कुणीच सांगू शकत नाही, पण ढीगभर अणूंचा हिशोब चोख लागतो.

त्यावर आणखी एक अट आहे. चार ब्लॉकच्या अंतरात आपल्यापेक्षा कमी काळवंडलेला तांब्याचा एक जरी ब्लॉक असला, तरी पुढचा टप्पा अडतो. त्यामुळे मोठं छप्पर हळूहळू, ठिपक्याठिपक्यांनी रंग बदलतं, आणि ते दृश्य कुणी आखलेलं नसतं. ऊन-पाऊस, समुद्राची जवळीक यांचा मात्र काही परिणाम होत नाही. ज्यांना रंग आहे तसाच ठेवायचाय ते मधमाशांच्या पोळ्याचं मेण लावतात. ब्राँझच्या पुतळ्यांवरही मेणाचा थर देतात. ज्यांना हिरवं छप्पर लवकर हवं असतं, ते ब्लॉक आधी पाच-पाच ब्लॉकच्या अंतरावर सुटे मांडतात. एकट्या ब्लॉकला सरासरी सव्वा तासाच्या आत पूर्ण हिरवा रंग चढतो, मग ते उचलून छपरावर बसवायचे.