कॉमेट विमान आणि ट्रॉलीचा तडा

कुपवाड एमआयडीसीत मामाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. कारखाने सुरू व्हायच्या आधी तिथं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि मामा एकेकीच्या खाली झोपून चासीवर डिझेलचं फडकं फिरवतो, मग ते कोरडं पुसून घेतो आणि वरून खडूची पूड चोळतो. दहा मिनिटं चहा. परत येऊन बघावं तर पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटलेली असते, कारण तड्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं. नुसत्या डोळ्याला तो तडा जन्मात दिसला नसता. मग तडा पुढं सरकू नये म्हणून मामा त्या रेघेच्या टोकाला ड्रिलनं एक भोक पाडतो आणि नंतरच वेल्डिंगला हात घालतो.

एकदा विचारलं, मामा चार सीझन एवढा ऊस ओढला तेव्हा काय झालं नाही, मग आताच का तुटायला आलंय? तर म्हणाला, "वजनानं नाय तुटत रं. हलून हलून तुटतंय."

हे वाक्य १९५० च्या आसपास इंग्लंडात डी हॅविलँड कंपनीच्या लोकांना कुणी नीट पटवून दिलं असतं तर विमानांचा इतिहास जरा वेगळा झाला असता असं मला उगाच वाटतं. म्हणजे त्यांना धातू थकतो हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही, पण तो किती लवकर थकेल याचा हिशोब चुकला.

तर त्यांचं विमान म्हणजे कॉमेट, जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. २ मे १९५२ ला ते लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन निघालं. तोवरची पंख्याची विमानं खालच्या हवेत धडधडत, थरथरत जायची. हे मात्र ३५-४० हजार फुटांवर, ढगांच्या वर. दिसायलाही फार देखणं, चारही इंजिनं पंखांच्या मुळाशी आत लपवलेली.

पण एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरायची, साधारण ८,००० फुटांवर असते तेवढी, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दुप्पट उंचीला जरा कमी. आत जास्त दाब आणि बाहेर फारच कमी, त्यामुळं प्रत्येक चौरस इंचावर ८.२५ पौंडांचा जोर. आकडा किरकोळ वाटतो ना, चौरस फुटाला गुणून बघा, अर्ध्या टनापेक्षा जास्त! एक चौरस फूट पत्रा आणि त्याला आतून ढकलणारा अर्धा टन ऊस, आणि तो पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिलीमीटरपेक्षाही पातळ, कारण वजन वाचवायचं होतं. वर गेलं की विमान फुगतं, खाली आलं की आकसतं. प्रत्येक फेरीला एकदा.

प्रवाशांच्या पहिल्या उड्डाणाला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून दिल्लीला निघालेलं एक कॉमेट वादळात सापडून हवेतच तुटलं, ४३ जण गेले. दोष वादळाला दिला गेला आणि गोष्ट तिथंच थांबली. मग १० जानेवारी १९५४. रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, आत ३५ माणसं. पायलट रेडिओवर दुसऱ्या विमानाशी बोलत होता आणि वाक्य अर्ध्यातच तुटलं. हवा स्वच्छ, वादळ नाही, काही नाही. विमानं जमिनीवर उभी केली, जिथं जिथं शंका आली तिथं तिथं बदल केले आणि मार्चमध्ये परत सोडली. ८ एप्रिलला दुसरं गेलं, नेपल्सजवळ, २१ माणसं. आता मात्र सगळ्यांचे हातपाय गळाले.

यापुढचा तपास मला सगळ्यात भारी वाटतो. इंग्लंडात फार्नबरोला सरकारी संशोधन केंद्र होतं, तिथल्या सर अर्नोल्ड हॉल यांच्या टीमनं एक अख्खं कॉमेट घेतलं, त्याच्या धडाभोवती मोठी टाकी बांधली, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर ठेवले आणि टाकीत पाणी भरलं. विमानाच्या आतही पाणीच. पाणी का, हवा का नाही? प्रेशर कुकरची शिट्टी अडकली की आपण लांब का पळतो, कारण दाबलेल्या वाफेत ताकद साठलेली असते, ती सुटली की भांड्याच्या चिंध्या. पाणी मात्र जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळं पत्रा फाटला की दाब लगेच उतरतो, स्फोट होत नाही, आणि फाटायला कुठून सुरुवात झाली ते जसंच्या तसं राहतं. तिकडं बाहेरून जॅक लावून पंख वाकवायचे, इकडं पाण्याचा दाब वाढवायचा, उतरवायचा. काही मिनिटांत एक "उड्डाण". रात्रंदिवस हेच.

ते विमान आधी १,२२१ वेळा खरोखर उडालेलं होतं. टाकीत आणखी १,८३६ फेऱ्या झाल्या आणि जून १९५४ च्या अखेरीस, एकूण ३,०५७ व्या वेळी, एका खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. एल्बाचं विमान १,२९० उड्डाणांत गेलेलं, नेपल्सचं ९००. नंतर एल्बाच्या समुद्रातून छताचा तुकडा मिळाला, त्यात रेडिओच्या अँटेनासाठी ठेवलेला चौकोनी झरोका होता, आणि तडा सुरू झालेला त्याच्याच कोपऱ्यातल्या एका भोकापासून. म्हणजे "चौकोनी खिडक्यांमुळं कॉमेट पडलं" असं जे सगळीकडं सांगतात ते अर्धंच खरं, एल्बाच्या विमानात प्रवाशांची खिडकी नव्हे तर छतातला झरोका फाटलेला. कोपऱ्याचा मुद्दा मात्र खराच आहे. पत्र्यातून ताण ओढ्यातल्या पाण्यासारखा वाहतो असं समजा, मध्ये भोक आलं की तो वळसा घालून जातो आणि वळण जेवढं काटकोनी तेवढी तिथं गर्दी जास्त. कॉमेटमध्ये कोपऱ्यापाशी हा ताण पत्रा फाटण्याच्या ताकदीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जात होता, कंपनीच्या हिशोबापेक्षा खूपच जास्त.

मग कंपनीनं टेस्ट केलीच नव्हती का? केली होती की! त्यांचा धडाचा नमुना पंधरा हजारांच्या वर फेऱ्या टिकला होता. गंमत अशी की त्याच नमुन्यावर आधी दुप्पट दाबाची टेस्ट घेतलेली, त्यात कोपऱ्यांतला पत्रा किंचित ताणून कायमचा बसला, दाब उतरल्यावर तिथं उलट आवळलेला राहिला आणि त्यामुळं तडा सुरूच व्हायला उशीर लागला. म्हणजे जास्तीची कडक परीक्षा घेतली आणि तिनंच नमुना विकल्या जाणाऱ्या विमानांपेक्षा मजबूत करून ठेवला.

सुधारलेलं कॉमेट ४ आलं ऑक्टोबर १९५८ मध्ये. त्याच महिन्यात अटलांटिक ओलांडायच्या मार्गावर अमेरिकेचं बोईंग ७०७ विमान पण आलं आणि मग कॉमेटला कोण विचारतो.

हे सगळं मामाला शेडमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं ग्राइंडर बंद करून ऐकलं आणि पहिला प्रश्न हाच, "टोकाला भोक पाडत नव्हते होय?" म्हणलं पाडत होते, कारखान्यात बांधतानाच पत्र्याला बारीक तडे जायचे, ते असेच ड्रिल मारून थांबवलेले होते.

"किती एमएमचं भोक?"

"दीडच्या आसपास."

"लैच बारीक," म्हणाला आणि पुढच्या ट्रॉलीखाली सरकला.