टिनवाल्डचं वरचं सभागृह: एकेक खुर्ची कशी रिकामी झाली

आइल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं बेट, एरिया जेमतेम ५७२ चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८४ हजार. एवढ्याशा बेटाला स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड, आणि तिला दोन सभागृहं. खालचं हाऊस ऑफ कीज, २४ आमदार, लोकांनी निवडून दिलेले. वरचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, म्हणजे आपल्या भाषेत विधान परिषदच, एकूण ११ जण. त्यातले आठ कीजच्या आमदारांनी निवडलेले, बाकी तीन म्हणजे टिनवाल्डचे प्रेसिडेंट, बिशप आणि अ‍ॅटर्नी जनरल. आता कायदे करणाऱ्या सभागृहात बिशप काय करतोय, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवातीला हे सभागृह नव्हतंच. १४०५ मध्ये इंग्लंडच्या राजाने हे बेट स्टॅन्ली घराण्याला देऊन टाकलं, आणि या नव्या मालकाचे, म्हणजे लॉर्डचे, बेटावरचे अधिकारी, म्हणजे गव्हर्नर, डीमस्टर (तिकडे न्यायाधीशाला हेच म्हणतात), वसुली बघणारा रिसीव्हर जनरल, बिशप, त्याच्या हाताखालचा धर्माधिकारी आर्चडीकन असे सगळे एकत्र बसून कारभार बघायचे, त्यांची ती कौन्सिल. म्हणजे मालकाची माणसं. १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने ७० हजार पौंड मोजून बेटाचे हक्क विकत घेतले तेव्हा मालक बदलला, पण खुर्च्या त्याच राहिल्या, फक्त आता त्यावर बसणारे राजाचे नोकर झाले.

आणि खालचं सभागृह तरी लोकांचं होतं का, तर नाही. कीजमध्ये जागा रिकामी झाली की उरलेले सदस्य दोन नावं सुचवायचे आणि त्यातला एक वरून निवडला जायचा, सामान्य माणसाला कोणी विचारत नव्हतं. १८६४ मध्ये जेम्स ब्राऊन नावाच्या संपादकाने आपल्या पेपरात कीजवर टीका केली तर कीजने त्याला सभागृहाचा अपमान केला म्हणून थेट कॅसल रशन किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं, शेवटी लंडनच्या कोर्टाने त्याला सोडवलं आणि त्याने वर नुकसानभरपाईही मिळवली. दोन वर्षांनी गव्हर्नर हेन्री लॉकने लंडनशी सौदा केला, कस्टम ड्युटीतला उरलेला पैसा बेटावर खर्च करायला मिळेल पण कीजची निवडणूक घ्यायची, आणि १८६७ मध्ये ती झाली. पुढे १८८१ मध्ये मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांनाही इथे मतदानाचा हक्क मिळाला, ब्रिटनच्या संसदेसाठी बायकांना मत मिळायला त्यानंतर ३७ वर्षं लागली.

पण वरचं सभागृह जसंच्या तसं. लोकांनी निवडलेले २४ जण एखादं बिल पास करायचे आणि वर पगारी अधिकारी ते अडवायचे, हे किती वर्षं चालणार? खरा संघर्ष पेटला लॉर्ड रॅगलन गव्हर्नर असताना, १९०२ नंतर. १९११ मध्ये लंडनने एक कमिटी नेमली, अध्यक्ष लॉर्ड मॅकडोनल. हे नाव आपल्याला अनोळखी नाही, वायव्य प्रांताचे (म्हणजे साधारण आजचा उत्तर प्रदेश) लेफ्टनंट गव्हर्नर असताना १९०० साली कोर्टकचेऱ्यांत नागरी लिपीला परवानगी देणारे अँटनी मॅकडोनल ते हेच. कौन्सिलमध्ये बदल करावा असं या कमिटीनेही म्हटलं, पण रॅगलन ढिम्म हलले नाहीत. मग महायुद्ध आलं, पर्यटक बंद झाले, राजधानी डग्लसमधली लॉज चालवणारी कुटुंबं बुडायला लागली आणि रेट्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, भरायला नकार देणाऱ्यांचा नेता सॅम्युएल नॉरिस तुरुंगात गेला. १९१६ च्या टिनवाल्ड डेला, म्हणजे संसदेच्या वार्षिक समारंभाच्या दिवशी, ५ जुलैला, सेंट जॉन्सच्या टेकडीवर समारंभ चालू असताना गर्दीतून कोणीतरी गवताचं ढेकूळ भिरकावलं आणि ते रॅगलनना लागलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या टेकडीवर हजार वर्षांची परंपरा म्हणून लोक आदराने उभे राहतात, वाटेवर लव्हाळ्याचं गवत पसरलेलं असतं, नवीन कायद्यांची नावं मॅन्क्स आणि इंग्रजीत वाचली जातात, तिथे असं व्हावं म्हणजे लोक किती वैतागले असतील. दोन वर्षांनी पावाचा भाव वाढला म्हणून बेटभर संप झाला आणि समारंभच पुढे ढकलावा लागला.

१९१९ मध्ये अखेर कायदा बदलला. आर्चडीकन, व्हिकार जनरल (बिशपचा कायद्याचा अधिकारी) आणि रिसीव्हर जनरल बाहेर, कीजने निवडलेले चार आणि गव्हर्नरने नेमलेले दोन आत. नंतरची गोष्ट तशी सरळ आहे: १९६१ मध्ये कौन्सिलने अडवलेलं बिल कीजला पुढे नेता येईल अशी सोय झाली, न्यायाधीश १९६५ आणि १९७५ मध्ये एकेक करून गेले, १९८० पासून गव्हर्नर कौन्सिलच्या अध्यक्षपदावर बसेनासे झाले आणि १९९० मध्ये टिनवाल्डच्या खुर्चीवर निवडून आलेले प्रेसिडेंट आले, पहिले चार्ल्स केरुइश. २०११ मध्ये त्याच खुर्चीवर क्लेअर ख्रिश्चन बसल्या, पहिली महिला.

बिशपची खुर्ची मात्र एवढ्या सगळ्यातून टिकली. एक बाजू म्हणते निवडून न आलेल्या माणसाला कायद्यावर मत कशाला, दुसरी म्हणते पक्षाबाहेरचा एक आवाज असू द्या, आणि मला स्वतःला पहिली बाजू पटते. पण त्याहून मोठा प्रश्न त्या आठ जागांचा आहे, कारण त्या अजूनही २४ आमदारांच्या हातात आहेत, आपल्याकडे विधान परिषदेतल्या काही जागा आमदार निवडतात तसंच. थेट लोकांनीच निवडावं अशी मागणी बेटावर अनेकदा झाली, त्यासाठी बिलंही मांडली गेली, ती पास झाली नाहीत.